पहारीनंतरची अकरा वर्षं

फिनिअस गेज सायकॉलॉजीच्या पुस्तकात भेटतो, पण माणूस आपल्याच लाइनचा! अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये तो रेल्वेमार्गाच्या कामावर मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ ला सुरुंग ठासताना दारू उडाली आणि सहा किलोची पहार गालातून शिरून कवटीतून आरपार गेली. वय फक्त २५! डावा डोळा गेला, स्वभाव बदलला, जुनी नोकरी परत मिळाली नाही. तरी पठ्ठ्याने पुढे चिलीत जवळपास सात वर्षं घोडागाडी हाकली. वाटावं, सुटला बुवा! पण तब्येत खालावली, तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. १८६० मध्ये फिट्स सुरू झाल्या. तरी जमेल तिथे काम करत राहिला. फिट्स वाढतच गेल्या आणि २१ मे ला तो गेला. आपल्या लक्षात राहते ती पहार. त्याला मात्र त्यानंतरची अकरा वर्षं जगायची होती.