जवाचा सरदार : ताकाकी कानेहिरो

भात पांढराशुभ्र असला म्हणजे जेवण चांगले, ही समजूत काही आमच्या वसतिगृहाच्या मेसपुरतीच नाही. एकोणिसाव्या शतकातील जपानातही ती होती. खेड्यातला गरीब शेतकरी तांदूळ विकून जव, राळे अशी भरड धान्ये खाई. त्याचाच मुलगा नौदलात भरती झाला की रोज सडलेल्या तांदळाचा भात पोटभर जेवी आणि दैव उघडले असे समजे. काही महिन्यांत त्याचे पाय सुजत, मग लुळे पडत आणि पुष्कळदा एके दिवशी हृदय बंद पडे. या रोगाला जपानी लोक कक्के म्हणत. आपण बेरीबेरी म्हणतो. राजवाडाही त्यातून सुटला नव्हता. खुद्द सम्राट मेइजींना हे दुखणे होते.

ताकाकी कानेहिरो यांचा जन्म १८४९ साली क्यूशू बेटावर झाला. विल्यम विलिस या ब्रिटिश डॉक्टरांच्या हाताखाली ते शिकले आणि १८७२ मध्ये नौदलाच्या वैद्यकीय खात्यात शिरले. १८७५ ते १८८० ही पाच वर्षे त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात काढली. परत आले तो मायदेशी नौदलाची दैना उडालेली. १८८२ मध्ये ४,७६९ खलाशांत १,९२९ जणांना कक्के झाला होता. म्हणजे पाचांत दोघे! युद्धाची वेळ आली असती, तर तोफा कोणी ओढायच्या?

ताकाकींनी जहाजांवर हिंडून चौकशी केली. हवा तीच, पाणी तेच. मग अधिकारी क्वचित आजारी पडतात आणि खलाशी सर्रास, हे कसे? फरक ताटात सापडला. खलाशांना जेवणाचा भत्ता रोख मिळे. ते भातावर भागवून कालवणात काटकसर करीत आणि वाचलेले पैसे घरी धाडीत. घरच्या ओढीने केलेली ही बचत त्यांच्या जिवावर उठत होती. ते वाचून मन चरकते.

पण हे म्हणणे ऐकणार कोण? १८८२ मध्येच कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला होता. तोकियो विद्यापीठातील जर्मन पठडीच्या विद्वानांना कक्केही जंतूचाच रोग वाटे. खाणे बदलून रोग टळतो, हे त्यांना आजीबाईचा बटवा वाटले असल्यास नवल नाही.

त्याच सुमारास र्‍यूजो हे शिकाऊ नौसैनिकांचे जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व हवाई असा फेरा करून १८८३ मध्ये परतले. पावणेचारशेच्या आसपास माणसे, त्यांत १६९ आजारी आणि २५ मृत्यू. ताकाकींनी ठरवले की दुसरे जहाज याच मार्गाने न्यायचे, बदलायचे ते फक्त अन्न : मांस, आटवलेले दूध, पाव असे. आता दहा महिन्यांच्या सफरीचे हे जेवण म्हणजे सरकारी तिजोरीवर भार, तोही एका डॉक्टरच्या तर्कासाठी! ते मंत्र्यांकडे गेले, १८८३ मध्ये सम्राटांनाही भेटले आणि पैसा मंजूर करून घेतला. मला या माणसाच्या बुद्धीइतकेच त्याच्या या चिकाटीचे कौतुक वाटते. प्रयोग फसता, तर सारे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटले असते.

त्सुकुबा जहाज १८८४ च्या फेब्रुवारीत निघाले आणि नोव्हेंबरात परतले. अवघे १४ आजारी, मृत्यू एकही नाही. आजारी पडलेल्यांत बहुतेक ठरवून दिलेले मांस वा दूध न खाणारे होते. दोन सफरी वेगवेगळ्या वर्षांतल्या, तेव्हा पुरावा अगदी निर्दोष नव्हता हे खरे. पण शासनाला तो पुरला. रोख भत्त्याऐवजी जिन्नस देणे सुरू झाले. खलाशांना पाव मात्र गोड लागेना, तेव्हा १८८५ पासून भातात जव मिसळण्यात आले. त्या वर्षी ६,९१८ माणसांत रोगी निघाले ४१!

गंमत अशी, की ताकाकींची उपपत्ती चुकीची होती. प्रथिनांच्या कमतरतेने रोग होतो असे ते मानीत. कारण होते ते कोंड्याबरोबर निघून जाणारे जीवनसत्त्व, आणि जीवनसत्त्व हा शब्दच १९१२ पर्यंत जन्मला नव्हता. विरोधकांनी ही चूक बरोबर पकडली. भूदलातील डॉक्टर मोरी रिनतारो यांनी १८८९ मध्ये निरनिराळ्या आहारांची तपासणी करून पांढरा भातच उत्तम ठरवला. हेच मोरी ओगाई, आधुनिक जपानी साहित्याचे एक शिल्पकार! आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट जरा अवघड जाते. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात भूदलातील सुमारे अडीच लाख सैनिकांना कक्के झाला आणि जवळजवळ २७,००० दगावले. नौदलात रोग नाममात्र होता. अखेर १९०५ मध्ये भूदलाच्या शिध्यातही जव आले.

त्याच वर्षी ताकाकी बॅरन झाले. लोक कौतुकाने त्यांना जवाचे बॅरन म्हणू लागले. गरिबांसाठी रुग्णालय, जपानातील पहिली परिचारिका शाळा ही त्यांची आणखी कामे. १९२० मध्ये ते वारले. जावा बेटावर कोंबड्यांना तांदूळ चारून हाच माग काढणाऱ्या आयकमन यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ताकाकी हयात नव्हते. पुढे अंटार्क्टिकातील एका भूशिराला ब्रिटिशांनी ताकाकींचे नाव दिले. त्याच उपसागराच्या परिसरात एक टोक आयकमन यांच्याही नावाचे आहे.