आबे फारियांचे हरवलेले शब्द

अलेक्झांडर द्युमाच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीतील वृद्ध कैदी फारियाला दीडशे निवडक ग्रंथ मुखोद्गत आहेत. अंधारकोठडीत तेच त्याचे ग्रंथालय. ज्यांच्यावरून हे पात्र बेतले, ते आपले आबे फारिया मात्र पाठ केलेले प्रवचन ऐन वेळी विसरले होते, असे गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

जोझे कुस्तोदियो फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळीचा. वडील कायतान व्हितोरिन कोलवाळचे. आईवडील विभक्त झाले. वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेली. १७७१ मध्ये वडील मुलाला घेऊन पोर्तुगालला पोहोचले. पुढे रोममध्ये फारियांनी धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले व १७८० मध्ये दीक्षा घेतली.

लिस्बनजवळील केलुझच्या राजप्रासादात पोर्तुगालच्या राणीसमोर ते प्रवचनाला उभे राहिले. समोर सारा दरबार. शब्द सुचेनात. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच सुचवले, की ही सगळी भाजीच समजावी आणि खुशाल कापत सुटावे. पुढे प्रवचन अस्खलित झाले.

दंतकथेचा अंश यात असेलही; पण मनाचा जो व्यवहार ती सांगते, तो खरा आहे. कोठारात धान्य कितीही असो, जात्याच्या तोंडात एका वेळी मूठभरच दाणे जातात. स्मरणाचेही तसेच. विचार करताना मन एका वेळी मोजक्याच गोष्टी हाताशी धरते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास मांडला, नंतरच्या संशोधकांनी तो चारपर्यंत खाली आणला. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच यांनी या कार्यरत स्मृतीची रचना उलगडली. भीती याच मुठीत खडे मिसळते. बेळगावजवळच्या कडोलीत भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनात प्रथमच ध्वनिक्षेपकासमोर येणाऱ्या नवकवीलाही हे खडे चांगलेच ठाऊक असतील. वडिलांच्या त्या वाक्याने फारियांना नवे काही शिकवले नाही. फक्त खडे वेचले.

१७८७ च्या पिंटोंच्या कटानंतर पितापुत्रांभोवती संशयाचे जाळे आले आणि फारियांनी पॅरिस गाठले. तेथे १८१३ पासून त्यांनी संमोहनावर जाहीर व्याख्याने दिली. मेस्मरचे अनुयायी अदृश्य चुंबकीय द्रवाच्या गोष्टी करत होते. फारियांनी तो द्रवच नाकारला. समोरच्याला खुर्चीत बसवून, डोळे मिटायला लावून, निद्रेवर चित्त एकाग्र करायला सांगायचे आणि मग झोपण्याची आज्ञा द्यायची, एवढीच त्यांची रीत. झोप आणणारी शक्ती झोपणाऱ्याच्याच मनात असते, हा त्यांचा सिद्धान्त. केलुझमधल्या प्रसंगातून तो त्यांना सुचला, असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.

पॅरिसने आधी गर्दी केली, मग टिंगल. नाटकातूनही त्यांची खिल्ली उडवली गेली. २० सप्टेंबर १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा.

पणजीतील जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला. शिल्प जोरकस आहे, यात शंका नाही. पण त्यात कोसळत्या स्त्रीवर फारियांचे दोन्ही हात रोखलेले दिसतात, जणू शक्ती त्या बोटांतूनच वाहते आहे.