सरफोजी राजे : तपासणीची नोंद जपणारे तंजावरचे अधिपती

तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे हे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वपरिचित आहेत. मात्र रुग्णाच्या तपासणीची शिस्तबद्ध आणि सचित्र नोंद ठेवण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. न्यायवैद्यकशास्त्राच्या आजच्या विद्यार्थ्याला प्रथम हीच शिस्त शिकवली जाते : आधी जे दिसले ते नोंदवावे, अनुमान नंतर काढावे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये आपल्या निधनापूर्वी त्यांना दत्तक घेतले. परंतु तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानाला हरकत घेतली. पंडितांच्या अभिप्रायानुसार ते अवैध ठरले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संमतीने अमरसिंह गादीवर आले. लहानग्या सरफोजींना बंदिवासासारखे दिवस काढावे लागले. जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी त्यांची बाजू कंपनीपुढे मांडली. सरफोजींना मद्रासला हलवण्यात आले आणि तेथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे कंपनीने प्रकरणाची फेरचौकशी केली, दत्तक वैध ठरले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी राजे झाले.

पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला आणि त्याभोवतालचा परिसर एवढाच अधिकार त्यांच्याकडे उरला. सत्ता गेली तरी राजांनी विद्येची कास सोडली नाही. त्यांनी ग्रंथसंग्रह वाढवला, देवनागरी छापखाना सुरू केला आणि औषधनिर्मिती व संशोधनासाठी धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या चारही पद्धतींचा विचार होत असे. मानवी हाडांना स्पर्श करणे धर्माचाराला मान्य नसल्याने शरीररचनेच्या अभ्यासासाठी त्यांनी हस्तिदंती सांगाडा मागवला, असे इंग्रज प्रवाशांच्या वृत्तान्तावरून समजते.

नेत्रचिकित्सा हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता. नेत्ररुग्णांची लक्षणे, करण्यात आलेले उपचार आणि त्यांचा परिणाम यांच्या लेखी नोंदी ठेवल्या जात. छायाचित्रणकला अस्तित्वात येण्यापूर्वीच्या त्या काळात चित्रकारांकडून रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे काढून घेतली जात. त्यामुळे तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष काय आढळले, हे पुढील काळात दुसऱ्या वैद्यालाही पडताळून पाहणे शक्य झाले.

सरफोजी राजांचे ७ मार्च १८३२ रोजी निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. वारशाच्या वादाने ज्यांचे बालपण झाकोळले, त्यांचे राज्यही अखेर वारसाच्या प्रश्नावरच लयाला गेले. नेत्ररुग्णांच्या त्या नोंदी आणि चित्रे मात्र सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली असून वैद्यकाच्या अभ्यासकांना आजही मार्गदर्शक ठरत आहेत.