फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि परिचारिकेचा व्यवसाय

या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा परिचर्येच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्ही काही माजी विद्यार्थिनी एकत्र बसलो. वसतिगृहाच्या आठवणी इतर जणी लिहितीलच. आपण ज्या व्यवसायात आहोत तो ज्यांनी घडविला, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र सांगावे, असे आमचे ठरले. त्यांच्या जन्मदिनी, १२ मे रोजी, जगभर परिचारिका दिन पाळला जातो, एवढे सर्वांस ठाऊक असते. आम्हांलाही प्रारंभी त्यापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हाती दिवा घेऊन आम्ही जी शपथ घेतली ती बाईंनीच लिहिली, असा आमचा कित्येक वर्षे समज होता. वस्तुतः ती शपथ १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे इतरांनी रचली. दिवाही चित्रात दिसतो तसा नव्हता. तो घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. दिवा घेतलेली ती कनवाळू स्त्री आम्हांला शिकविली गेली. नोंदवह्या भरणारी, आकडे मांडणारी, शिष्यिणींच्या पगाराचा आणि झोपण्याच्या खोलीचा विचार करणारी बाई मात्र आम्हांला पुष्कळ उशिरा भेटली.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत झाला व त्या नगरीचेच नाव त्यांना मिळाले. घराणे इंग्लंडातील धनिक जमीनदारांचे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविले. त्या काळी मुलींच्या वाट्यास असे शिक्षण क्वचितच येई. परंतु शिकलेल्या मुलीने पुढे काय करावे, याचे उत्तर त्या घरापाशी नव्हते. लग्न, मेजवान्या आणि दिवाणखान्यातील गप्पा एवढाच मार्ग मोकळा होता. १८४५ साली त्यांनी सॉल्सबरीच्या रुग्णालयात राहून काम शिकण्याची परवानगी मागितली आणि घरात आकांत झाला.

येथे आईवडिलांना सरळ दोष देणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्या काळच्या इंग्लंडातील रुग्णालये दुर्गंधीने भरलेली असत आणि तेथील परिचारिका बहुतांशी अशिक्षित, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या व पुष्कळदा मद्याच्या आहारी गेलेल्या असत. निदान तशी त्यांची ख्याती होती. ज्याला दुसरे काही काम मिळत नाही त्याने करावयाचे ते काम, अशी समजूत होती. आमच्यापैकी अनेकींच्या घरी नर्सिंगचा अर्ज भरताना जे प्रश्न निघाले, ते याहून फार निराळे नव्हते. रात्रपाळीचे काय, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागेल त्याचे काय, पुढे लग्न कसे जमेल, हे प्रश्न आमच्या आयांनी व मावश्यांनी विचारले. घाण उपसण्याची कामे समाजाने ज्यांच्या माथी मारली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना मुलीने पुन्हा मलमूत्राच्या कामाकडे जावे हे खुपले, यात नवल नाही. ते काम आणि हे काम यांत नेमका फरक कोणता, हे त्यांना समजावून सांगणे आम्हांला जमले नव्हते. नाइटिंगेलबाईंच्या पुढील आयुष्यात तो फरक स्पष्ट दिसतो.

परवानगी नाकारली गेली तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. घरातील माणसे उठण्यापूर्वी, पहाटे, त्या रुग्णालयांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचीत व टिपणे काढीत. मनास रुचलेल्या एका थोर घरच्या तरुणाची मागणीही त्यांनी नाकारली. अखेरीस १८५१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथील संस्थेत तीन महिने राहून त्यांनी प्रत्यक्ष काम शिकून घेतले. औपचारिक म्हणावे असे त्यांचे शिक्षण एवढेच. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान रुग्णालयाच्या त्या अधीक्षिका झाल्या. वेतन नव्हते, वडिलांनी वर्षाला ५०० पौंड नेमून दिले होते. कोणत्याही धर्माच्या रुग्णाला प्रवेश मिळावा, ही अट त्यांनी संचालकांकडून मान्य करवून घेतली. प्रत्येक मजल्यावर गरम पाणी यावे, जेवण वर नेण्यासाठी लिफ्ट असावी, रुग्णाने घंटा वाजविली तर कोणत्या खोलीतून ती आली हे परिचारिकेला कळावे, अशी व्यवस्था त्यांनी मागितली. परिचारिकेने जिने चढण्यात शक्ती घालवू नये, ती रुग्णापाशी खर्च व्हावी, हा त्यामागील विचार होता. आज आमच्या वॉर्डांत एकेका सिस्टरला औषधे आणण्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात, हे पाहिले की तो विचार आठवतो.

१८५४ च्या ऑक्टोबरात ३८ परिचारिकांना घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धासाठी निघाल्या व ४ नोव्हेंबर रोजी तुर्कस्थानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. त्या ३८ जणींपैकी २४ विविध धर्मसंघांतील भगिनी होत्या आणि १४ रुग्णालयांत काम केलेल्या परिचारिका. लष्करी डॉक्टरांना त्या नको होत्या. नाइटिंगेलबाईंनी आपल्या परिचारिकांना डॉक्टरांनी बोलाविल्याशिवाय वॉर्डात जाण्यास मनाई केली. समोर माणसे विव्हळत असता त्या खोलीत बसून पट्ट्या व कपडे शिवीत राहिल्या. हे कठोर वाटते, आणि आमच्यापैकी काहींना आजही ते पटत नाही. परंतु थोड्याच दिवसांत जखमींचा लोंढा आला व डॉक्टरांनी स्वतःच त्यांना बोलाविले. त्यानंतर एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याचे बॉयलर बसविणे, सैनिकांच्या बायकांना कामास लावून कपडे धुवून घेणे, पथ्याच्या जेवणासाठी वेगळी स्वयंपाकघरे चालविणे, सामानाचा हिशेब ठेवणे, मृत सैनिकांच्या घरी पत्रे लिहिणे, हे सारे सुरू झाले. रात्री कंदील घेऊन लांबच लांब दालनांतून फिरणे हा त्यातला केवळ एक भाग; वर्तमानपत्रांनी तोच उचलला.

मात्र यानंतरची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. बाई आल्यानंतरही स्कुटारीतील मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल होणाऱ्या १०० सैनिकांपैकी सुमारे ४२ मरत होते, आणि तेही बहुतांशी जखमांनी नव्हे. पटकी, हगवण व ज्वर यांनी. इमारतीखाली गटारे तुंबलेली होती. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्याने गटारे उपसली, पाण्याच्या वाटेत पडलेले घोड्याचे मढे काढले, हवा खेळती केली. आणि जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. त्या वेळी नाइटिंगेलबाईंना सैनिकांची उपासमार व उशिरा झालेली भरती हीच मुख्य कारणे वाटत होती. १८५६ साली त्या गाजावाजा टाळून टोपणनावाने मायदेशी परतल्या. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्या आकडे तपासू लागल्या, तेव्हा त्यांना उमगले की ज्या रुग्णालयाची कीर्ती त्यांच्या नावाने देशभर झाली होती, तेच त्या हिवाळ्यात सर्वांत प्राणघातक ठरले होते.

अशा वेळी गप्प बसणे सोपे होते. साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेल्या व्यक्तीला तर अधिकच सोपे. बाईंनी ते आकडे लपविले नाहीत. ते सरकारपुढे यावेत म्हणून त्या झगडल्या. आकड्यांची पाने मंत्री वाचणार नाहीत हे ओळखून त्यांनी वर्तुळाच्या रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढविल्या. टाळता येण्याजोग्या रोगांनी किती मेले व जखमांनी किती, हे त्यांत एका दृष्टिक्षेपात दिसे. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. एव्हाना आजाराने त्यांना अंथरुणाला खिळविले होते आणि पुढचे बहुतेक काम त्यांनी तेथूनच केले.

नव्याने या व्यवसायात येणाऱ्या मुलींनी हा भाग सावकाश वाचावा, अशी आमची विनंती आहे. आमच्यापैकी एकीच्या हातून नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका रुग्णालयात, औषधाचा डोस चुकीच्या वेळी दिला गेला. रुग्णाला अपाय झाला नाही. वरिष्ठांनी ती नोंद न करण्याचा सल्ला दिला आणि तिने तो मानला. पुढच्याच महिन्यात त्याच वॉर्डात दुसऱ्या मुलीकडून तीच चूक झाली, कारण औषधांचा तक्ता लिहिण्याची पद्धतच सदोष होती आणि ते कोणाला कळलेच नव्हते. ही गोष्ट ती आजही खाली मान घालून सांगते.

१८५९ साली बाईंनी परिचर्येवरील आपले छोटे पुस्तक लिहिले. हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, आहार व निरीक्षण यांवर त्यात भर आहे. आम्हांला त्यातील सर्वांत मोलाचा वाटणारा विचार असा की, परिचारिका स्वतः हजर असताना जे नीट होते ते ती नसतानाही नीट होईल, अशी व्यवस्था करणे हाच तिच्या कामाचा गाभा आहे. पाळी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक रुग्णाची माहिती देणे, ज्याला आम्ही ओव्हर देणे म्हणतो, ते याचेच रूप. घरी जाण्याची बस चुकेल म्हणून ओव्हर घाईने उरकणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. आम्हीही त्या होतो.

क्रिमियातील सेवेबद्दल लोकांनी जमविलेल्या निधीतून १८६० च्या जूनमध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उघडली. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश मोफत आणि शिवाय वर्षाला १० पौंड. त्यानंतर ठरावीक काळ नेमून दिलेल्या रुग्णालयात नोकरीचे बंधन. मुलींसाठी स्वतंत्र निवास होता. प्रत्येकीचा दरमहा एक तक्ता भरला जाई. त्यात वक्तशीरपणा, विश्वासूपणा, टापटीप यांबरोबर जखमा बांधणे, बिछाना करणे, रुग्णाचे निरीक्षण करणे अशा एकेका कौशल्याची नोंद असे. विनयपिटकात आजारी भिक्खूची शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत ते सांगितले आहे. वसतिगृहात ऐकलेली ती कथा हा तक्ता वाचताना आम्हांला आठवली. सर्वांत मोठा बदल असा की, परिचारिकांवर अधिकार मेट्रनचा राहील, म्हणजे परिचारिकेचे काम परिचारिकाच तपासील, हे येथे ठरले. काम तेच, मलमूत्र तेच. पण आता त्याला शिक्षण होते, मोजमाप होते, वेतन होते आणि स्वतःचा अधिकारी होता. आमच्या आयांना आम्ही हेच सांगायला हवे होते. या शाळेतून बाहेर पडलेल्या अ‍ॅग्नेस जोन्स लिव्हरपूलच्या दरिद्री रुग्णांच्या रुग्णालयात गेल्या आणि १८६८ साली तेथेच टायफसने वारल्या. त्याच वर्षी ल्युसी ऑस्बर्न पाच जणींना घेऊन सिडनीला पोहोचल्या.

बाईंचे सर्वच आम्हांला मान्य आहे असे नाही. पुढे त्या शाळेत खर्च स्वतः भरणाऱ्या उच्च घरच्या मुली वेगळ्या घेतल्या जाऊ लागल्या व मोठ्या जागा त्यांच्याकडे जाऊ लागल्या. कामाच्या ठिकाणची ती उतरंड आमच्या परिचयाची आहे. जमैकाच्या कृष्णवर्णीय मेरी सीकोल यांना लंडनमध्ये परिचारिका म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्या स्वतःच्या पैशाने क्रिमियात गेल्या व सैनिकांची सेवा केली. त्यांच्याविषयी बाईंनी खासगी पत्रात जे लिहिले ते उदार मनाचे नाही. आणि १८८७ पासून एथेल बेडफर्ड फेन्विक यांनी परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी म्हणून चळवळ उभारली, तेव्हा बाई विरोधात उभ्या राहिल्या. परीक्षेने व यादीतील नावाने चारित्र्य कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही, पण ज्या मुलीच्या पाठीशी घराणे नाही तिला कागदच आधार देतो. इंग्लंडात नोंदणीचा कायदा १९१९ साली झाला, आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ साली. म्हणून मुलींनो, नोंदणीचे नूतनीकरण मुदतीत करा. ए.एन.एम. किंवा जी.एन.एम. वर थांबू नका. नोकरी लागली तरी पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यापुढील एम.एस्सी.चा विचार पहिल्या दोन-तीन वर्षांतच करा. नंतर संसार आणि रात्रपाळ्या सवड देत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

हिंदुस्थानात बाई कधी आल्या नाहीत, तरी येथील लष्कराच्या आरोग्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी छावण्याछावण्यांतून माहिती मागविली. १८६३ च्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे मृत्यू हजारी ६९ असल्याचे दिसले. प्रारंभी त्यांची दृष्टी सैनिकांपुरती होती; पुढे दुष्काळ, कालवे, खेड्यातील पाणी आणि रयतेचे कर्जबाजारीपण यांवर त्या लिहीत राहिल्या.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, ९० व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील चर्चच्या आवारात, घराण्याच्या दगडावर, त्यांच्या नावाची केवळ दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा कोरलेल्या आहेत.