दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

मोठी पदवी नाहीं, मोठें वेतन नाहीं, विद्वानांची शाबासकीही नाहीं. अशा स्थितींत मनुष्य जन्मभर ज्ञानाची उपासना करूं शकेल काय? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्या चरित्रांत मिळतें असे एक शाळामास्तर महाराष्ट्रांत होऊन गेले. ते म्हणजे कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. आठव्या वर्षीं ते मातृसुखास मुकले. वडील कारकून होते व त्यांस फलज्योतिषाचा नाद होता. त्यांच्या सहवासांत मुलास आंकड्यांची गोडी लागली. ठाण्यास शालेय शिक्षण झाल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गेले. तेथें १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथें त्यांनीं शिक्षकाचें काम केलें.

१९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत त्यांनीं एक चमत्कार मांडला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, व बाकीवर पुनः तेंच करावें. बाकी तीन अंकी आल्यास मागें शून्य धरावें. सात वजाबाक्यांच्या आंत, फार तर सातवीस, ६१७४ हाती येतेच. १९४९ हीच संख्या घेतली तर बरोबर सातव्या वजाबाकीस ती येते.

पुष्कळ विद्वानांस हें काम क्षुल्लक वाटलें. त्यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हतें असें नाहीं. अंक हा संख्येचा देह नव्हे, तो तिचा पोशाख होय. आम्ही दहांच्या पटीनें मोजतों. परंतु पूर्वीं परभणीच्या मोंढ्यांत सोळा आण्यांचाच रुपया होत असे. आठांच्या पटीनें मोजणाऱ्यास ६१७४ ही संख्या १४०३६ अशी लिहावी लागेल. त्याच्या पद्धतींत ३०६५ पासून वरील वजाबाकी केली तर ६१५२, मग ५२४३, व पुनः ३०६५ येते. हा फेरा कधींच थांबत नाहीं. मात्र कांहीं गुण पोशाख बदलूनही टिकतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनीं हर्षद हें नांव दिलें. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३. १४०३६ च्या अंकांची बेरीज १४, आणि भागाकार ४४१. दोन्ही वेशांत ती हर्षदच! म्हणजे कोणता गुण पोशाखाचा व कोणता त्याहून खोल, हें शोधणें हाही विचारास योग्य विषय ठरतो.

सेवानिवृत्तीनंतर तुटपुंज्या वेतनामुळें त्यांस शिकवण्या कराव्या लागल्या. तथापि संशोधन सुटलें नाहीं. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकानें आपल्या प्रसिद्ध सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें आणि देवळालीच्या शिक्षकाची कीर्ति जगभर पसरली. तेव्हां त्यांचें वय सत्तर होतें. १९८६ सालीं त्यांचें देहावसान झालें. ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या साधकाजवळ कागद, पेन्सिल व अखंड जिज्ञासा एवढेंच भांडवल होतें. तें आपल्यापैकीं प्रत्येकाजवळ आहे. ईश्वरानें दिलेली देणगी लहान कीं मोठी ह्याचा हिशेब न करतां ती कामास लावणें, हेंच त्यांच्या चरित्रापासून शिकावयाचें.