संत गोन्सालो गार्सिया : वसई ते नागासाकी

अंधेरीच्या सीप्झ परिसरात संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे एक भग्न चर्च आहे. येशूसंघीय धर्मगुरूंनी ते १५७९ साली बांधले. बोरिवलीला मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष आहेत. त्या काळी या भागाचा कारभार वसईहून चाले. ज्या दोन संघांच्या या खुणा आहेत, त्या दोन्ही संघांशी वसईच्या एका सुपुत्राचे जीवन जोडलेले होते. ते म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांच्यासोबत ते जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून मनोभावे सेवा केली. मात्र येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. भारतीय मातेच्या मुलांना युरोपीय संघांत त्या काळी क्वचितच स्थान मिळे. समुद्र ओलांडून आलेल्या या तरुणाला अडवणारी सीमा परक्या देशाची नव्हती, ती आपल्याच माणसांच्या मनातली होती.

खिन्न मनाने त्यांनी संघाचे काम सोडले आणि व्यापार सुरू केला. व्यापारात यश आले, परंतु मनाची पोकळी भरली नाही. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. परदेशातील एकाकी वर्षांत शिकलेली भाषा आता रुग्ण आणि गोरगरिबांच्या सेवेला उपयोगी पडली.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यानंतर जपानचे शासक हिदेयोशी यांचा रोष मिशनरींवर ओढवला. गोन्सालो यांना अटक झाली, त्यांच्या कानाचा लचका तोडण्यात आला आणि कडाक्याच्या थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. त्यांत जपानी, स्पॅनिश, एक मेक्सिकन आणि एक वसईकर होता. फ्रान्सिस्कनांच्या जोडीला येशूसंघाचे तीन जणही त्यांत होते. जिवंतपणी जी दारे बंद राहिली, ती मृत्यूच्या वेळी उरली नाहीत.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

आज आपल्या उपनगरांतील चर्चमध्ये वसई, गोवा, मंगळूर आणि केरळातून आलेली कुटुंबे एकाच बाकावर बसतात. आपली कित्येक मुले आखातात व कॅनडात एकटी राहतात. मिस्सा संपल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाची आपण विचारपूस करतो का? संत गोन्सालोंचे जीवन आपल्याला हेच विचारते.