डाव्या हाताचा अंगठा

चरित्रलेख म्हटला की आपल्या अंकात शिवकाळातील वीर येतात, समाजसुधारक येतात. भोर-वेल्हे हा तोरणा, राजगड आणि रोहिड्याचा मुलूख, तेव्हा ते साहजिकच आहे. मी मात्र एका जपानी खेळणीकाराविषयी लिहिणार आहे. वाचकांना नवल वाटेल, पण त्यांची ओळख मला माझ्या आजीमुळे झाली.

आजी वेल्ह्याजवळच्या आमच्या वाडीत राहते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही. कागद कोणताही असो, तिने आयुष्यभर त्यावर डाव्या हाताचा अंगठाच उमटवला. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने तिच्या हाती मोबाईलवरचा मोटारीचा खेळ दिला. मोबाईल तिरपा केला की मोटार वळते. आजीला काहीच शिकवावे लागले नाही. वळण आले की मोबाईलबरोबर तीही कलायची. पण भातलावणीने आधीच धरलेला तिचा खांदा दोन मिनिटांत भरून आला आणि तिने मोबाईल खाली ठेवला. मग भावाने जत्रेतून आणलेला, हातात मावणारा बटणांचा खेळ दिला. त्यावर डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण होते. सुरुवातीला तिचे ठोकळे भलतीकडेच पडत. अर्ध्या तासाने मात्र ती हाताकडे न बघता ते जागच्या जागी बसवू लागली. हा अंगठ्याखालचा अधिक कोणी केला, याचा शोध घेता घेता मी गुन्पेई योकोई यांच्यापर्यंत पोहोचले.

योकोई यांचा जन्म १९४१ सालचा, जपानमधील क्योटो शहरातला. तेथील दोशिशा विद्यापीठात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९६५ साली निन्तेन्दो कंपनीत लागले. ही कंपनी तेव्हा मुख्यतः पत्ते बनवीत असे. योकोईंकडे पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल होती. रिकाम्या वेळात विरंगुळा म्हणून त्यांनी कैचीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा एक लांबणारा हात तयार केला. मुठी जवळ आणल्या की तो पुढे जाऊन वस्तू पकडी. अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात आले असता तो त्यांच्या दृष्टीस पडला. कामाच्या वेळी खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागतील असे योकोईंना वाटले असणार. प्रत्यक्षात ते खेळणे बाजारात आणण्याचा हुकूम झाला. १९६६ साली आलेला हा ‘अल्ट्रा हँड’ बारा लाखांच्या आसपास खपला.

जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनी पाहिली आहे. १९७० साली योकोईंनी छर्‍याऐवजी प्रकाश सोडणारी बंदूक बाजारात आणली. निशाणात सौर घट असे, त्यावर प्रकाश पडला की नेम लागला. म्हणजे हातवाऱ्यांचा खेळ चांगला की बटणांचा, या वसतिगृहातल्या आमच्या वादात योकोई आधी हातवाऱ्यांच्या बाजूचे होते!

बटणांकडे ते वळले ते आगगाडीतल्या एका दृश्यामुळे, असे सांगतात. एक प्रवासी कंटाळा घालवण्यासाठी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे दाबीत बसला होता. त्यावरून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हा खिशातला खेळ आला. त्याचा पडदा कॅल्क्युलेटरचाच, तोवर स्वस्त झालेला. नव्या, महागड्या वस्तूच्या मागे धावायचे नाही, जुनी आणि अंगवळणी पडलेली वस्तूच वेगळ्या कामाला लावायची, हे त्यांचे सूत्र होते.

१९८२ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ खिशात आणताना अडचण आली. माणूस चारी दिशांना हलवायचा होता. दांडा लावावा तर खेळ घडी होऊन खिशात मावेना. चार सुटी बटणे लावावीत तर नजर पडदा सोडून बोटांकडे जाई. योकोईंनी चारी बटणे जोडून एक अधिक केला. अंगठा न उचलता, न पाहता दिशा कळू लागली. पुढच्या वर्षी कंपनीच्या घरगुती यंत्रावर तोच अधिक आला, आणि १९८९ च्या ‘गेम बॉय’वरही. गेम बॉयला रंगीत पडदा नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चाले.

यशाबरोबर अपयशही आले. १९९५ चे ‘व्हर्च्युअल बॉय’ हे डोळे लावून लाल चित्रे पाहायचे यंत्र लोकांनी नाकारले. १९९६ साली त्यांनी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे ५६.

२००६ साली निन्तेन्दोने ‘वी’ हे यंत्र आणले. हातातली दांडी फिरवली की पडद्यावर टेनिसचा चेंडू टोलवला जाई. आता बटणांचे दिवस संपले, असे पुष्कळांना वाटले. पण त्या दांडीवरही अंगठ्याखाली योकोईंचा अधिक होताच.

मला वाटते, हातवारे अंगाला आधीच येत असतात, म्हणून ते सोपे. पण ते धडधाकट खांदा मागतात. बटण आधी परके वाटते, शिकावे लागते, अगदी अक्षरासारखे. एकदा शिकले की ते थकल्या माणसालाही साथ देते. कॉलेजात आल्यावर पुस्तकी मराठीने मलाही असेच अडवले होते. म्हणून या वादात मी बटणांच्या बाजूची.

आजी आता माझ्या भावाहून जास्त गुण मिळवते. गुण किती झाले हे मात्र तिला वाचता येत नाही, प्रत्येक वेळी ती मला विचारते. ते सांगताना मला ओशाळल्यासारखे होते. मे महिन्याच्या सुट्टीत तिला आकडे शिकवायचे मी ठरवले आहे. अंगठा तयार आहेच.